निजामपुऱ्याच्या पाट्या : ब्रशपासून एलईडीपर्यंत

निजामपुरा हा भिवंडीचा नुसता एक मोहल्ला नाही, शहराच्या नावातच तो आहे : भिवंडी-निजामपूर शहर महानगरपालिका. 2011च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या सात लाखांच्या वर गेली होती. कोकणी मुसलमान आणि आगरी इथले जुने. यंत्रमागांच्या खडखडाटामागून उत्तर प्रदेशातले मोमीन विणकर आले, तेलंगणातले पद्मशाली आले, सुताच्या धंद्यात गुजराती-मारवाडी आले. त्यामुळे इथे दुकान टाकलं की पहिला पेच पाटीचा. नाव कोणत्या लिपीत, वर कोणती, खाली कोणती? गेल्या चाळीसेक वर्षांत या प्रश्नाचं उत्तर बदलत गेलं. आधी ते गिऱ्हाइकाकडे बघून ठरे, पुढे आंदोलनांनी ठरवलं, शेवटी कायद्याने. पाटी दिसणार कशी, हे मात्र प्रत्येक वेळी हत्याराने ठरवलं.

पहिलं हत्यार ब्रश. लाकडी चौकटीवर पत्रा ठोकायचा, प्रायमर मारायचा, वर इनॅमल रंगाचे दोन हात. वाळल्यावर खडूने माखलेला दोरा ताणून रेघा उमटवायच्या आणि अक्षरांचा कच्चा आराखडा खडूनेच. ओल्या रंगाला हात लागू नये म्हणून पेंटर मनगट एका काठीवर टेकवून लिहायचा. अक्षराला सावली द्यायची की नाही, ‘श्री’ची वेलांटी किती ओढायची, हे त्याचं. कोपऱ्यात बारीक अक्षरांत त्याचं नाव, पुढे ‘आर्ट्स’. मुंबईतल्या सिनेमाच्या होर्डिंगांवर हात साफ केलेले एम. एफ. हुसेन पुढे जगभर गेले. गल्लीतल्या पेंटरची ओळख त्या कोपऱ्यापुरतीच राहिली.

भिवंडीत या पेंटरचं काम अवघड होतं. देवनागरी अक्षरं शिरोरेषेला टांगलेली, एका सरळ पट्टीत बसणारी. उर्दूची नस्तालिक उतरती : शब्द उजवीकडे वर सुरू होतो आणि डावीकडे खाली येऊन टेकतो. दोन्ही एकाच अरुंद पत्र्यावर मांडायच्या म्हटल्यावर उर्दूला उंची जास्त लागते. दोघींना सारखी उंची दिली, तर उर्दू चेपते. उर्दूला मोकळी सोडली, तर मराठीच्या वरखाली रिकामी जागा उरते. चांगला पेंटर ती जागा पत्त्याने, फुलपानाने किंवा विकायच्या वस्तूच्या चित्राने भरून काढायचा. ही तडजोड तो प्रत्येक पाटीवर नव्याने करत असल्यामुळे दोन पाट्या सारख्या नसत.

मग कॉम्प्युटर आला. मराठीसाठी पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकचं श्रीलिपी, सी-डॅकचं आयएसएम. उर्दूसाठी 1994 मध्ये आलेलं इनपेज. इनपेजच्या नूरी नस्तालिकमागे मिर्झा अहमद जमील यांनी 1981च्या सुमारास तयार केलेल्या जवळपास 20 हजार जोडाकृती होत्या. कातिबाच्या, म्हणजे उर्दू सुलेखनकाराच्या बोटांतलं काम फ्लॉपींच्या एका गठ्ठ्यात आलं. सुरुवातीला प्लॉटरवर कापलेलं रेडियम चिकटवत. नंतर फ्लेक्सचं यंत्र आलं आणि हिशेब चौरस फुटावर गेला. आठ दिवसांची पाटी संध्याकाळपर्यंत हातात पडू लागली. मालकाचा फोटो, नेत्याचा फोटो, मागे सूर्यास्त, सगळं त्याच दरात. पेंटरच्या मुलांपैकी काहींनी माऊस हातात घेतला, काही गोदामांत कामाला लागले.

2008 मध्ये मनसेने मराठी पाट्यांसाठी आंदोलन केलं, तेव्हा मुंबई-ठाण्यातल्या दुकानांवर घाईघाईने मराठी पट्ट्या चढल्या. फ्लेक्स नसता, तर इतक्या झटपट ते जमलं नसतं. पण घाईचं मराठी घाईचंच दिसलं. जुने फाँट युनिकोडमधले नव्हते. एका मशीनवर बनवलेली फाईल दुसरीकडे उघडली की जोडाक्षरं फुटत, रफार भलत्या अक्षरावर जाऊन बसे. छापणाऱ्याला मराठी वाचता येत नसेल, तर ते तसंच दारावर चढे.

पुढचा टप्पा कायद्याचा. 2017चा दुकाने व आस्थापना कायदा मार्च 2022 मध्ये दुरुस्त झाला आणि दहापेक्षा कमी कामगार असलेली छोटी दुकानंही पाटीच्या नियमात आली. मराठी देवनागरीत, सुरुवातीला, आणि इतर लिपीतल्या अक्षरांपेक्षा लहान नको, असा नियम झाला. पाटीच्या आधीच्या नियमाविरुद्धची व्यापाऱ्यांची याचिका त्याआधी फेब्रुवारीतच मुंबई उच्च न्यायालयाने 25 हजारांचा दंड ठोठावून फेटाळली होती. 25 सप्टेंबर 2023 रोजी सर्वोच्च न्यायालयाने पाट्या बदलायला दोन महिन्यांची मुदत दिली. हत्यारही पुन्हा बदललं : आता ॲल्युमिनियमच्या एसीपी शीटवर ॲक्रिलिकची अक्षरं, आत एलईडी. 100 मायक्रॉनपेक्षा पातळ पीव्हीसी बॅनरवर 1 जुलै 2022 पासून देशभर बंदी आली, पण फ्लेक्स काही रस्त्यांवरून हटला नाही.

नियमाने मराठीला जागा दिली, हे चांगलंच झालं. उर्दू, हिंदी, तेलुगू काढा असं कायदा म्हणत नाही. निजामपुऱ्यासारख्या ठिकाणी त्या शेजारी राहिल्या पाहिजेत. पण कायदा मोजतो ती उंची. अक्षराचं वळण, दोन लिपींमधला तोल, अंतर हे कुठल्याही कलमात बसत नाही, आणि बसवूही नये. त्यामुळे पेंटर जे रोज सोडवत होता ते कोडं आज कोणीच सोडवत नाही. मराठी वर, जाड आणि ताणलेली. उर्दू खाली, चेपलेली.

साधनं कमी आहेत म्हणावं, तर तसंही नाही. र. कृ. जोशींसारख्या सुलेखनकाराने विंडोजसाठी ‘मंगल’ घडवला, ‘एक टाइप’च्या मंडळींचे ‘मुक्त’ आणि ‘बलू’ फुकट मिळतात. दिल्लीचे हनीफ कुरेशी रस्त्यावरच्या पेंटरांची अक्षरं गोळा करून त्यांचे फाँट करत होते. 2024 मध्ये ते गेले, काम उरलं आहे. युनिकोडमुळे रफार आता जागच्या जागी राहतो. कमी आहे ती एक सवय. शेवटचा हात देण्याआधी पेंटर शिडीवरून उतरून रस्त्याच्या पलीकडे जायचा आणि तिथून पाटी वाचून बघायचा. आज मालक ती मोबाइलच्या स्क्रीनवर बघून ‘ओके’ पाठवतो. पाटी करायला टाकण्याआधी नाव खऱ्या मापात कागदावर छापून घ्यावं, दारावर लावावं आणि समोरच्या दुकानाच्या पायरीवरून वाचून बघावं. याला खर्च एका चहाचा, आणि हे काम कुठलाही निरीक्षक मालकासाठी करणार नाही.