दारावरची जोडी

शनिवारी सकाळी दाराची घंटा वाजावी आणि बाहेर पांढरा शर्ट, टाय आणि छातीवर काळी नावपट्टी लावलेले दोन कोवळे तरुण दिसावेत, हा अनुभव आपल्यापैकी बहुतेकांना आहे. अशा वेळी आपण काय करतो तेही सांगायला नको. टीव्हीचा आवाज कमी करायचा, मुलांना गप्प राहायची खूण करायची आणि जोडी शेजारच्या दाराकडे वळेपर्यंत थांबायचे. मीही वर्षानुवर्षे तेच केले. अ‍ॅरिझोनात मॉर्मन लोकांची वस्ती मोठी आहे. इथे पंधरा वर्षे काढूनही या मुलांबद्दल मला एवढेच ठाऊक होते की ती धर्म 'विकायला' येतात.

गेल्या वर्षी एका घरगुती कारणाने हा विषय माझ्यापुढे वेगळ्या रीतीने आला. आमच्या मुलाला पाच विद्यापीठांकडून नकार आले. तोवर त्याला कोणी 'नाही' म्हटलेच नव्हते. आठवडाभर तो खोलीतून धड बाहेर आला नाही. कचेरीत मी हे शेजारच्या क्युबिकलमधल्या सहकाऱ्याला सांगितले. तो माझ्याच वयाचा, आणि मॉर्मन. तो हसून म्हणाला, "एकोणिसाव्या वर्षी मी दिवसाला पन्नास नकार ऐकत होतो, आणि तेही चिनी भाषेत!" त्यानंतर कित्येक दिवस जेवणाच्या सुटीत मी त्याला प्रश्न विचारीत राहिलो. जे कळले ते आपल्या वाचकांनाही सांगावेसे वाटले.

या चर्चचे पूर्ण नाव 'चर्च ऑफ जीझस ख्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स'. 'मॉर्मन' हे टोपणनाव न वापरता पूर्ण नावच घ्यावे, असा त्यांचा २०१८ पासून आग्रह आहे. १८३० साली न्यूयॉर्क राज्यात जोसेफ स्मिथने या चर्चची स्थापना केली. त्याच वर्षी त्याचा धाकटा भाऊ सॅम्युएल पिशवीत पुस्तके भरून गावोगाव निघाला. बहुतेक ठिकाणी त्याला कोणी दारात उभे केले नाही आणि आपली खेप वाया गेली असेच त्याला वाटले. पण त्याच्याकडून घेतलेली एक प्रत ब्रिगहॅम यंग याच्या भावाकडे पोहोचली, आणि पुढे १८४७ मध्ये याच ब्रिगहॅम यंगने आपल्या लोकांना युटाच्या वाळवंटात नेऊन वसवले. दारोदार फिरणाऱ्या मुलांना ही कथा नेहमी सांगितली जाते.

आज जगभरात असे सत्तर हजारांहून अधिक मिशनरी आहेत. मुलांची मुदत दोन वर्षे, मुलींची दीड वर्ष. पूर्वी मुलांना एकोणीस वर्षे पूर्ण व्हावी लागत. २०१२ मध्ये ही अट अठरावर आणली, आणि मुलींचेही किमान वय तेव्हा कमी झाले. कुठे जायचे हे मुलाने ठरवायचे नसते. अर्ज करायचा आणि वाट पाहायची. पत्रात ब्राझील निघेल किंवा शेजारचे राज्य. पगार नसतोच, उलट खर्च मुलाने किंवा त्याच्या घरच्यांनी सोसायचा. पूर्वी महागड्या देशात गेलेल्याच्या घरावर जास्त भार पडे. १९९० च्या सुमारास सर्वांची रक्कम सारखी करण्यात आली. अमेरिकेतून जाणाऱ्यांसाठी २०२० च्या जुलैत ती महिना ४०० डॉलरवरून ५०० डॉलर झाली. त्यामुळे कित्येक मुले शाळेत असल्यापासून यासाठी पैसे साठवतात.

माझा सहकारी १९९८ मध्ये तैवानला गेला. त्या वेळी मी पुण्यात जीआरईचे शब्द पाठ करीत होतो. युटातील प्रोव्हो येथे त्यांचे मोठे प्रशिक्षण केंद्र आहे. तिथे काही आठवडे चिनी शिकवून त्याला विमानात बसवले. तायचुंगला उतरल्यावर आपल्याला काहीच समजत नाही हे पहिल्या तासातच त्याच्या लक्षात आले. चिनी भाषेत 'माई' एका सुरात म्हटले तर 'विकत घेणे' आणि दुसऱ्या सुरात 'विकणे'. पहिले काही महिने लोक त्याच्या बोलण्यावर नुसते हसत.

त्यांचा दिवस घड्याळावर बांधलेला असतो. साडेसहाला उठणे, व्यायाम, न्याहारी, मग धर्मग्रंथाचा आणि भाषेचा अभ्यास. त्यानंतर सायकलवर बाहेर. रात्री नऊ-साडेनऊपर्यंत परत, उद्याची आखणी, आणि साडेदहाला दिवे बंद. सिनेमा नाही, टीव्ही नाही, मुलींबरोबर फिरणे नाही. आठवड्यातला एक दिवस तयारीचा: कपडे धुणे, बाजारहाट, घरी पत्र. घरी फोन वर्षातून दोनदाच, नाताळात आणि मातृदिनी. हा नियम २०१९ च्या फेब्रुवारीत बदलला आणि दर आठवड्याला बोलण्याची मुभा मिळाली. सहकाऱ्याची आई मात्र मातृदिनी सकाळपासून फोनजवळ खुर्ची टाकून बसे.

एकटे कधीच राहायचे नाही हा सर्वांत अवघड नियम. जोडीदार वरून नेमून दिलेला असतो. तो घोरणारा असो की तिरसट, चोवीस तास त्याच्याबरोबरच. साधारण सहा आठवड्यांनी बदल्या होतात, तेव्हा जोडीदार किंवा गाव बदलण्याची शक्यता असते.

चहाचीही पंचाईत असे. त्यांना दारू-तंबाखूबरोबर चहा-कॉफीही वर्ज्य, आणि तैवान म्हणजे चहाचा देश. क्वचित एखादे दार उघडे, म्हातारी आजी प्रेमाने वाफाळता पेला पुढे करी, आणि या मुलाने तो नाकारायचा. आपल्याकडे कोणी चहाला नाही म्हटले तर यजमानाला काय वाटते ते आपण जाणतोच. अखेर तो दारातच साधे पाणी मागायला शिकला. यजमानाचा मान राहतो आणि नियमही मोडत नाही.

एवढे करून हाती काय लागे? महिनोन्‌महिने काहीच नाही. "मग टिकलास कसा?" असे मी विचारले. मला श्रद्धेवरचे भाषण अपेक्षित होते. तो म्हणाला, "श्रद्धा काही दिवस असे, काही दिवस नसे. पण साडेसहाला जोडीदार उठायचा, म्हणून मीही उठायचो." आज किती जणांनी ऐकले हे त्यांच्या हातात नव्हते. किती दारे ठोठावली, किती शब्द पाठ केले, एवढेच हातात होते. संध्याकाळी वहीत ते लिहायचे आणि झोपायचे.

२१ सप्टेंबर १९९९ च्या पहाटे मध्य तैवानात मोठा भूकंप झाला आणि दोन हजार चारशेहून अधिक माणसे दगावली. पुढचे कित्येक दिवस तो आणि त्याचा जोडीदार पाण्याचे कॅन वाहत होते. ज्या गल्लीत वर्षभर कोणी दार उघडले नव्हते, तिथे लोक त्यांना नावाने हाका मारू लागले. धर्म कोणी बदलला नाही. "पण त्या दिवसांत मला चिनी भाषा आली," असे तो म्हणाला.

याची दुसरी बाजूही त्यानेच सांगितली. सगळेच टिकत नाहीत. आजारपण, नैराश्य किंवा घरच्या ओढीने काही जण मुदतीआधी परततात, आणि ज्या गावात निरोपाचा समारंभ झाला तिथेच मान खाली घालून वावरतात. त्याच्या धाकट्या भावाचे असेच झाले, आणि घरात तो विषय अजून निघत नाही. घरी राहून समाजसेवेचे मिशन करण्याची सोय आता आहे. तरी अठराव्या वर्षी जाण्याचा निर्णय मुलाचा किती आणि आई-बापांचा किती, हा प्रश्न उरतोच.

धर्मांतराबद्दल आपल्या मनात अढी आहे आणि ती विनाकारण नाही. माझीही आहे. १८५२ साली ह्यू फिंडले नावाचा त्यांचा प्रचारक मुंबईत आणि मग पुण्यातही येऊन गेला होता. मूठभर माणसे जमली, पण काही वर्षांतच ते काम गुंडाळावे लागले. आपल्या पूर्वजांनीही दारे फारशी उघडली नव्हती असे दिसते! त्यांचे तत्त्वज्ञान मला पटलेले नाही. पण मुलांना गणिताच्या शिकवणीला, भरतनाट्यमला, टेनिसला नेताना आपण त्यांच्या वाटेतला प्रत्येक 'नाही' आधीच बाजूला करीत आलो, हे मला या गप्पांतून जाणवले.

हे मी मुलाला उपदेश म्हणून सांगितले नाही. एका रविवारी सहकाऱ्यालाच जेवायला बोलावले. त्याने चिनी सुरांच्या गमती सांगितल्या, भावाबद्दलही सांगितले. मुलगा ऐकत होता. सध्या तो कम्युनिटी कॉलेजात जातो आणि पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज करणार आहे.

परवा शनिवारी घंटा वाजली. आत चहा उकळत होता. मी दार उघडले आणि आम्हाला धर्म बदलायचा नाही हे आधीच सांगून टाकले. मग दोघांना कोकम सरबत दिले. त्यांतला एक आयडाहोचा, घर सोडून तीनच आठवडे झालेला. आज किती दारे झाली असे विचारले. "तुमचे बाविसावे," तो म्हणाला, आणि पेला रिकामा करून दोघे तेविसाव्याकडे निघाले.