दुसऱ्या गाडीचा शॉकअप

आरएक्स १०० ला पल्सरचा पुढचा शॉकअप बसवून मिळतो, एवढ्या ऐकीव माहितीवर संपादकांनी मला कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात धाडलं. यामाहाची ही गाडी एस्कॉर्ट्सनं १९८५ मध्ये भारतात आणली आणि १९९६ मध्ये ती बंद झाली. ९८ सीसीचं टू-स्ट्रोक इंजिन, वजन जेमतेम शंभर किलो आणि पुढे ड्रम ब्रेक. पळायला ती जेवढी चपळ, तेवढा तो ड्रम थांबवायला खमका नाही. मग हौशी मालक भंगारातून डिस्कवाल्या गाडीचे शॉकअप, ते धरून ठेवणारा वरचा-खालचा टी आणि चाक उचलतात.

तिथल्या एका लेथवर मी रेंगाळलो. लेथ चालवणाऱ्यांना गिऱ्हाइकं मामा म्हणतात. शॉकअपकडे ते आधी बघतच नाहीत. खालच्या टीमधली दांडी बघतात. ही दांडी फ्रेमच्या हेड पाइपमधून वर जाते, बेअरिंगच्या कोन आणि छर्ऱ्यांवर फिरते, आणि पुढचं अख्खं चाक तिच्या भरवशावर असतं. दोन गाड्यांच्या दांड्यांची लांबी आणि जाडी क्वचितच जुळते. म्हणून मामा दोन्ही गाड्यांच्या खालच्या टीमधल्या दांड्या प्रेसवर काढतात आणि आरएक्सची मूळ दांडी नव्या टीत दाबून बसवायला बघतात. भोक मोठं असेल तर ईएन २४ पोलादाची नवी दांडी टर्न करतात. ती भोकापेक्षा काही शतांश मिलिमीटर जाड ठेवायची, म्हणजे प्रेसनं दाबल्यावरच आत जाते. मायक्रोमीटर लावताना मामा बोलत नाहीत.

एक पोरगा म्हणाला, "मामा, वेल्डिंग मारून द्या की, लवकर हुईल."

"वेल्डिंग पायजे असंल तर दुसरीकडं जा बाबा. दांडी तुटली तर हँडल हातात ऱ्हाईल, चाक न्हाई."

हा नकार मला त्यांच्या कारागिरीइतकाच मोलाचा वाटला.

पण दांडी नेमकी बसली तरी काम संपत नाही. हँडलची अक्षरेषा खाली वाढवली तर ती चाक टेकतं त्या जागेच्या थोडी पुढे जमिनीला लागते. या अंतराला ट्रेल म्हणतात आणि त्याच्यामुळे चाक आपोआप सरळ राहतं. बऱ्याच गाड्यांत ते ८० ते १०० मिलिमीटर असतं. नव्या टीत शॉकअप दांडीच्या १० मिलिमीटर जास्त पुढे असले की ट्रेल सुमारे ११ मिलिमीटरनं घटतो. त्यात १८ इंची चाकाच्या जागी १७ इंची आलं, शॉकअपही आखूड निघाला आणि पुढचा भाग २५ मिलिमीटर खाली बसला, तर हेड पाइप साधारण एका अंशानं उभा होतो आणि ट्रेल आणखी कमी होतो. गल्लीत गाडी झकास वळते, हायवेवर वेगात हँडल थरथरू लागतं. शिवाय जड गाडीच्या स्प्रिंगा या हलक्या गाडीखाली नीट दबत नाहीत, आणि डिस्कचा जोर येतो तो ड्रमच्या हिशेबानं बनलेल्या हेड पाइपच्या जोडांवर. मामा ते जोड तारेच्या ब्रशनं घासून तडे शोधतात. ट्रेल मात्र उद्यमनगरात कुणी मोजताना मला दिसलं नाही.

कायदाही बाजूनं नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ चा आधार घेऊन सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०१९ मध्ये कंपनीच्या मूळ रचनेत बदल करायला मनाई केली. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनं अशा प्रत्येक बदलाला ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद आली. त्यामुळे हे काम आरसी बुकात चढत नाही, आणि गाडी विकली की घेणाऱ्याला दांडी कशाची, कुणी बसवली, काहीच कळत नाही. निदान पोलादाचा प्रकार आणि तारीख तरी टीवर पंच करा, असं मी मामांना म्हटलं. "पंच हाईत की," ते म्हणाले, "पर आजवर कुणी मागितलंच न्हाई."