व्हॉल्व्हांतील खडखड : ती वाळू नव्हे

आमच्या वर्धा जिल्ह्यांत, विशेषतः कारंजा-आष्टीकडील संत्र्यांच्या बागांत, एकाच पंपावर वरची बाग व खालचें शेत भिजविण्याची रीत पुष्कळांची आहे. वरच्या ठिबकास दाब लागतो. खालच्या पाटास तो नको असतो. म्हणून खालचा व्हॉल्व्ह बोटभर उघडा ठेवून काम भागवितात. प्रस्तुत लेखकानेंहि महसुली कारकुनींतून निवृत्त झाल्यावर असेंच केलें, व त्याचा दंड भरला.

त्या व्हॉल्व्हांतून सारखा खडे खळखळल्यासारखा आवाज येई. विहिरींतील वाळू असावी म्हणून जाळी काढून पाहिली, तर ती स्वच्छ! दुसऱ्या उन्हाळ्यांत व्हॉल्व्हाच्या अंगास भोंक पडलें. बैठक खाल्ली गेल्यामुळें तो बंदहि होईना. वरचा दाब गेला, बाग तीन दिवस कोरडी राहिली, आणि आंबिया बहाराचीं कोवळीं फळें झाडांखालीं सडा पडावा तशीं गळालीं. उकलून पाहतां चिंचोळ्या जागेच्या पुढील अंगाचें लोखंड मधमाशांच्या पोळ्यासारखें झालेलें दिसलें. वाळूनें तासलेलें लोखंड गुळगुळीत असतें, ही खूण वाचकांनीं ध्यानांत ठेवावी.

पाणी उकळण्यास उष्णताच लागते असें नाहीं. दाब पुरेसा उतरला कीं तें थंड असतांहि उकळतें. मुख्य नळांत ४० मीटर उंचीचा दाब व पुढें मोकळा पाट असल्यास फटींतून पाणी सेकंदास सुमारें २८ मीटर वेगानें धांवतें. वेग वाढतो तेथें दाब घटतो, व वाफेचे बारीक बुडबुडे उठतात. पुढें मार्ग रुंदावतांच दाब पुन्हां चढतो, बुडबुडे क्षणांत मिटतात, आणि पाण्याचा सुईसारखा घाव धातूवर बसतो. इंग्लंडांत चार्लस पार्सन्स यांना १८९० नंतरच्या दशकांत आगबोटीच्या पंख्यापाशीं हेच बुडबुडे नडले. १९१७ सालीं लॉर्ड रॅले यांनीं त्यांच्या मिटण्याचें गणित मांडलें.

कठीण पोलादाचा व्हॉल्व्ह घेतल्यास झीज लांबते, थांबत नाहीं. मीं दोन व्हॉल्व्ह कांहीं अंतरावर एकामागें एक बसविले. ४० पैकीं सुमारें २५ मीटर दाब पहिल्यावर उतरवितों, उरलेला दुसऱ्यावर. पहिल्याच्या पुढें दाब शिल्लक राहतो, म्हणून मोठा भार त्यानेंच घ्यावा. पंपाच्या शोषण-नळावरील व्हॉल्व्ह मात्र कधींहि आवळूं नये; तेथें दाब आधींच तुटपुंजा, मग पंपाचीं पातींच खाल्लीं जातात. फूटव्हॉल्व्हाची जाळी तुंबली तरी परिणाम तोच.

गेल्या दिवाळींत पहिला व्हॉल्व्ह उकलला. आंत बोट फिरवितां कोठें खरबरीत लागलें नाहीं. दुसऱ्याचा आवाज पुष्कळ कमी झाला, पण गेलेला नाहीं. तो यंदा उकलावयाचा आहे.