ॲडम्स काउंटी: पीक वाढले, माणसे घटली

अमेरिकेच्या आयोवा राज्यात 99 काउंट्या आहेत आणि त्यांत सर्वांत कमी वस्तीची काउंटी म्हणजे नैऋत्य भागातली ॲडम्स. साधारण 1,100 चौरस किलोमीटरच्या, आपल्याकडच्या एखाद्या तालुक्याएवढ्या या मुलखात 2020च्या जनगणनेत 3,704 माणसे मोजली गेली. 1900 साली तिथे 13,601 माणसे राहत होती. हे दोन आकडे शेजारी ठेवले की ‘ओस पडत चाललेला प्रदेश’ असा शेरा मारून मोकळे होता येते. पण गाव ओस पडते ते विहिरी आटल्या, जमीन नापीक झाली किंवा पावसाने पाठ फिरवली म्हणून, अशी आपली समजूत असते. ॲडम्समध्ये यातले काहीच घडलेले नाही. तिथला एक एकर आज 1900च्या कितीतरी पट धान्य देतो, आणि माणसे कमी होण्याचे मुख्य कारण नेमके तेच आहे.

नकाशावर ही काउंटी काटकोनी आयत दिसते. नव्या प्रदेशाची मोजणी कशी करायची हे 1785च्या वटहुकमाने ठरवून दिले होते: सहा मैल लांब, सहा मैल रुंद अशी एक टाउनशिप आणि तिच्यात एकेक चौरस मैलाचे 36 सेक्शन. ॲडम्समध्ये अशा 12 टाउनशिप आहेत. सेक्शनचा चौथा हिस्सा म्हणजे 160 एकर. घोड्यांच्या बळावर एका कुटुंबाला कसता येईल एवढे शेत. सेक्शनच्या कडेने मैलामैलावर रस्ता, आणि बाजाराचे गाव घोडागाडीने जाऊन दिवसाउजेडी परतता येईल इतक्या अंतरावर. जमिनीने मात्र हे काटकोन कधीच मानले नाहीत. उत्तर-मध्य आयोवात हिमनद्या, भूशास्त्राच्या मापाने, अलीकडच्या काळापर्यंत होत्या, म्हणून तो भाग सपाट राहिला. ॲडम्सवरचा बर्फ त्याच्या लाखो वर्षे आधीच हटला होता. नोडवे नदीच्या फाट्यांना आणि ओढ्यांना भूभाग कोरायला भरपूर अवधी मिळाला. वर वाऱ्याने आणून टाकलेल्या बारीक मातीचा थर आहे, तो सुपीक खरा, पण उतारावरून सहज वाहून जाणारा. म्हणून माथ्यावर आणि नदीकाठी मका-सोयाबीन, तर उतारावर गवत आणि गुरे असा इथला मेळ आहे.

आता 1900च्या आकड्याकडे जरा संशयाने पाहायला हवे. 1860 साली काउंटीत 1,533 माणसे होती, 1880 साली 11,888. मधल्या काळात, 1869च्या सुमारास रेल्वे आली. लोहमार्गापासून दूर पडलेल्या क्विन्सीकडून 1872 साली मुख्यालय कॉर्निंगला गेले. एतिएन काबे या फ्रेंच विचारवंताच्या अनुयायांनी इथे ‘इकेरिया’ ही सामाईक मालकीची वसाहत वसवली होती, तीही 1898 साली विसर्जित झाली. म्हणजे ज्याला आपण मूळ, नैसर्गिक लोकसंख्या समजतो ती एका पिढीत भरलेली होती, आणि ती 160 एकर, घोडे व भरपूर मनुष्यबळ या तंत्राच्या मापाची होती. तंत्र बदलल्यावर ते माप टिकणे शक्य नव्हते.

पुरावा दशकांच्या आकड्यांत आहे. 1930 ते 1940 हा मंदीचा, अवर्षणाचा आणि कोसळलेल्या भावांचा काळ. त्यात काउंटीने गमावली जेमतेम 281 माणसे. 1940 ते 1970 ही भरभराटीची तीस वर्षे, आणि त्यांत वस्ती 10,156 वरून 6,322 वर आली. ट्रॅक्टर, रासायनिक खते आणि संकरित मका यांचा हा काळ. 1926 साली संकरित बियाण्यांची कंपनी काढणारे आणि पुढे देशाचे उपाध्यक्ष झालेले हेन्री वॉलेस यांचा जन्म शेजारच्याच अडेर काउंटीतला. तेव्हा आयोवात एकरी 40 बुशेलच्या आसपास मका पिके, आता 200च्या घरात पिकतो. 1900 नंतरच्या पहिल्या दशकातली मोठी घट मात्र या सूत्रात बसत नाही. पश्चिमेकडच्या आणि कॅनडातल्या स्वस्त जमिनीची ओढ तेव्हा मोठी होती.

यावर रास्त आक्षेप असा की ही भरभराट नेमकी कोणाची? उत्पादन वाढले की भाव पडतो. फायदा ग्राहकाला, यंत्र आणि बियाणे विकणाऱ्याला, आणि शेजाऱ्याची जमीन विकत घेण्याची ऐपत असलेल्या शेतकऱ्याला. हा प्रश्न सर्वांत मोठ्या आवाजात विचारला गेला तोही कॉर्निंगमध्येच. 1955 साली, डुकरांचे भाव कोसळले असताना, तिथे नॅशनल फार्मर्स ऑर्गनायझेशन उभी राहिली. शेतकऱ्यांनी संघटित होऊन माल अडवून धरायचा आणि प्रक्रिया करणाऱ्यांना करार करायला लावायचे, ही तिची रीत. 1967 साली तिच्या सभासदांनी दूध ओतून दिले ते देशभर गाजले. आक्षेप खरा आहे, आणि माझ्या मते त्याने मूळ मुद्दा बळकटच होतो. जे आवरण्यासाठी चळवळ उभी राहिली ते दुष्काळाचे नव्हे, मुबलकतेचे संकट होते. 1980च्या दशकातल्या कर्जसंकटाने काउंटीची आणखी 15 टक्के माणसे नेली, तेव्हाही जमीन पिकतच होती. बुडाले ते तिच्यावर कर्ज काढलेले शेतकरी.

दुसरा आक्षेप हिशेबी आहे: पावणेचार हजार माणसांसाठी वेगळे न्यायालय, वेगळा कारभार कशाला, दोन काउंट्या जोडून टाका. शाळांनी ते केलेच आहे. कॉर्निंगची शाळा शेजारच्या काउंटीतल्या विलिस्काशी एकत्र झाली. पण काउंटीचा मोठा खर्च रस्त्यांचा आणि पुलांचा. मैलामैलाची ती चौकट तेरा हजारांसाठी आखलेली असली तरी माणसे गेली म्हणून रस्ता आखूड होत नाही, आणि धान्याचे अवजड ट्रक घोडागाडीपेक्षा जास्तच झीज करतात. दोन काउंट्या जोडल्या तर रस्त्यांचीही बेरीजच होईल.

मग उद्योग आणा, असे सुचवले जाते, आणि ते आलेही आहेत. कॉर्निंगला 2007 पासून इथेनॉलचा कारखाना मका विकत घेतो, टेकड्यांवर पवनचक्क्या फिरतात. दोहोंमुळे जमिनीला भाव आणि काउंटीला कर मिळतो, पण दोन्ही व्यवसाय शेतीसारखेच: थोड्या हातांत मोठे उत्पादन. आज काउंटीतली दहापैकी चार माणसे कॉर्निंगमध्येच राहतात, आणि कोळशाच्या खाणींवरून नाव पडलेल्या कार्बन गावात पन्नासही उरलेली नाहीत. कारखाना आणि पवनचक्क्या येऊनही 2010 ते 2020 या दशकात काउंटीतून आणखी 325 माणसे कमी झाली.