सिकलसेलच्या रुग्णाची छाती दुखू लागली तर

सिकलसेल हा आजार विदर्भातला, आपला त्याच्याशी काय संबंध, असे आमच्या कोल्हापूरकडील पुष्कळ मंडळींना वाटते. नागपूर, भंडारा, चंद्रपूर, गडचिरोली या भागांत तो आदिवासी समाजाप्रमाणेच आपल्या बौद्ध समाजातही मोठ्या प्रमाणावर आढळतो. नागपूरच्या शुक्ला व सोळंकी या डॉक्टरांनी १९५८ सालीच 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात त्याविषयी लिहिले होते. आता शिक्षण, नोकरी आणि सोयरीक या निमित्ताने तिकडची माणसे कळंब्यापर्यंत आली आहेत. इथल्या डॉक्टरांना मात्र असे रुग्ण क्वचितच पाहायला मिळतात. खरी अडचण तिथे आहे.

आई आणि वडील या दोघांकडूनही दोष आला तर मूल रुग्ण होते. एकाकडूनच आला तर ते वाहक असते व त्याला सहसा त्रास होत नाही. रुग्णाच्या तांबड्या पेशी प्राणवायू कमी पडताच विळ्यासारख्या वाकतात आणि बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. लहानपणी हातपाय दुखणे, कावीळ, रक्त कमी होणे ही लक्षणे ठळक असतात. प्रौढ वयात घात होतो तो बहुधा फुफ्फुसाकडून. रक्ताला प्राणवायू जिथे मिळायचा तिथेच रक्त तुंबले, की आणखी पेशी वाकतात आणि दुखणे तासातासाने वाढत जाते.

या रोगाचा वैद्यकीय इतिहासच मुळी खोकल्यापासून सुरू होतो. ग्रेनाडा बेटावरून शिकागोला दंतवैद्यकी शिकण्यास आलेला वॉल्टर क्लेमेंट नोएल हा विद्यार्थी १९०४ च्या डिसेंबरात छातीच्या तक्रारीने रुग्णालयात दाखल झाला. त्याच्या रक्तातील विळ्याच्या आकाराच्या पेशी अर्नेस्ट आयर्न्स या तरुण डॉक्टरने पाहिल्या आणि जेम्स हेरिक यांनी १९१० साली ती हकिगत प्रसिद्ध केली. नोएल मायदेशी परतला, दवाखाना चालवू लागला व १९१६ साली न्यूमोनियाने वारला. तेव्हा तो अवघा बत्तीस वर्षांचा होता.

आज या दुखण्याला 'अक्यूट चेस्ट सिंड्रोम' म्हणतात. ताप, छातीत कळ, खोकला, धाप यांपैकी काही असून एक्स-रेत फुफ्फुसावर नवा डाग दिसला, की हे निदान धरतात. जंतुसंसर्ग, हाडातील मगजाची चरबी रक्तातून फुफ्फुसात जाणे किंवा वाहिनी तुंबणे यांपैकी काहीही कारण असू शकते. फसगत अशी, की रुग्ण पुष्कळदा कंबर वा मांडी दुखते म्हणून दाखल होतो आणि छातीचा त्रास दोन-तीन दिवसांनी सुरू होतो. पहिला एक्स-रे स्वच्छ आला म्हणून निर्धास्त राहू नये. धाप वाढली तर दुसरा काढावाच लागतो. बोटाला लावायच्या यंत्रावर ९५ आकडा दिसला तरी त्या रुग्णाचा नेहमीचा आकडा किती, हे विचारले पाहिजे. काळ्यासावळ्या कातडीवर हे यंत्र कधीकधी खऱ्यापेक्षा जास्त आकडा दाखवते, हेही ध्यानात असावे.

आमच्या परिचयातील चंद्रपूरकडच्या एका विद्यार्थ्याच्या एक्स-रेतील डाग पाहून एका दवाखान्यात त्याला थेट क्षयाची औषधे सुरू झाली. सिकलसेल आहे का, हे कोणी विचारले नाही, आणि त्यानेही संकोचाने सांगितले नाही. आठवडाभराने त्याला रक्त द्यावे लागले, तेव्हा उलगडा झाला. क्षय आपल्याकडे आहेच आणि तो सिकलसेलच्या रुग्णालाही होतो. पण त्यासाठी थुंकीची तपासणी आहे, नुसत्या डागावर भागत नाही. रक्ताची गुठळी फुफ्फुसात गेल्याची शंका आली तर 'डी-डायमर' तपासणीचा फारसा उपयोग नाही, कारण या रुग्णांत ती एरवीही वाढलेली असते. सीटी अँजिओग्राफीच करावी लागते.

दुसरे दुखणे मुकाट्याने येते. वर्षानुवर्षे तांबड्या पेशी फुटत राहिल्याने फुफ्फुसाच्या रक्तवाहिन्यांतील दाब वाढतो. जिना चढताना दम लागतो, पाय सुजतात, आणि घरचे म्हणतात, रक्त कमी आहे म्हणून असेल. अशा वेळी इकोकार्डिओग्राफी करावी. तीत रक्ताच्या उलट झोताचा वेग सेकंदाला २.५ मीटर किंवा अधिक आला तर पुढचा तपास हवा. हा शेवटचा निकाल नव्हे. जवळपास तीस टक्के प्रौढांत असा वेग आढळतो. हृदयाच्या उजव्या बाजूत नळी घालून दाब मोजल्यावर खरा आजार साधारण दहातल्या एकात किंवा त्याहूनही कमी जणांत निघतो. म्हणून नुसत्या इकोवर घाबरू नये आणि औषधेही सुरू करू नयेत.

१ जुलै २०२३ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय मोहिमेत तपासणी झालेल्यांना कार्ड देण्याची योजना आहे. ते कार्ड लपवून ठेवण्याची वस्तू नाही. बाहेरगावी शिकणाऱ्या रुग्ण मुलामुलींनी त्याच्याबरोबर रक्तगट, आपले नेहमीचे हिमोग्लोबिन, नेहमीचा प्राणवायूचा आकडा आणि बरे असतानाचा एक एक्स-रे पिशवीत ठेवावा. नवा डाग नवा आहे की जुना, हे त्या जुन्या एक्स-रेशिवाय कोणालाच सांगता येत नाही. दुखण्यामुळे पडून राहावे लागले तर जागेपणी दर दोन तासांनी दहा वेळा खोल श्वास घ्यावा. त्यासाठी फुंकायचे नव्हे, श्वास आत ओढायचे तीन गोळ्यांचे प्लॅस्टिकचे यंत्र औषधाच्या दुकानात मिळते.