उभ्या गाडीची थरथर: प्रीमियर पद्मिनीच्या इंजिनाचे निदान

चालकाचा पाय ॲक्सिलरेटरवर नसताना इंजिन ज्या किमान वेगाने फिरत राहते, त्याला गॅरेजमध्ये आयडलिंग किंवा नुसते ‘स्लो’ म्हणतात, आणि जुन्या मोटारीची बहुतेक दुखणी प्रथम याच अवस्थेत उघडी पडतात. गाडी वेगात असताना फ्लायव्हील, म्हणजे इंजिनाच्या मागच्या बाजूचे जड चाक, एखाद्या सिलिंडरची चुकलेली ठिणगी झाकून नेते. मिनिटाला सात-आठशे फेऱ्यांवर उतरलेल्या इंजिनात तेवढा जोर नसतो, म्हणून ते थरथरते, मिस मारते आणि कित्येकदा बंदच पडते. उदाहरणार्थ, हिंगोली जिल्ह्यातील नरसी नामदेव या कयाधूकाठच्या गावी, जे संत नामदेवांचे जन्मस्थान मानले जाते, आषाढ वद्य एकादशीला परतवारीसाठी भाविकांची दाटी होते आणि वाहनांना पावलापावलाने सरकावे लागते. हमरस्त्यावर बिनतक्रार आलेली जुनी गाडी अशा गर्दीत नेमकी हटून बसते.

महाराष्ट्रात या निदानाचे धडे ज्या गाडीवर पिढ्यान्‌पिढ्या गिरवले गेले, ती म्हणजे प्रीमियर पद्मिनी. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या मुंबईतील कुर्ला कारखान्यात इटलीच्या फियाट कंपनीच्या परवान्याने ११०० मालिकेच्या गाड्या तयार होत; त्यांतीलच एक नमुना १९७४ पासून पद्मिनी या नावाने विकला गेला आणि मुंबईची काळीपिवळी टॅक्सी म्हणून ऑक्टोबर २०२३ पर्यंत रस्त्यावर राहिला. तिचे १०८९ घनसेंटिमीटरचे चार सिलिंडरी इंजिन एकाच कार्ब्युरेटरवर चालते. आपला दोष स्वतः नोंदवून ठेवणारा संगणक त्यात नाही, त्यामुळे सारा शोध कान, डोळे आणि बोटे यांच्या भरवशावर घ्यावा लागतो.

कार्ब्युरेटर हवा आणि पेट्रोल यांचे मिश्रण करतो. डासांवर औषध मारण्याच्या जुन्या हातपंपात हवेचा झोत नळीतले औषध वर ओढून फवारतो, तसाच अरुंद गळ्यातून जाणारा हवेचा वेग मुख्य जेटमधून, म्हणजे मोजक्या छिद्रातून, पेट्रोल खेचून घेतो. मात्र थ्रॉटलची, म्हणजे ॲक्सिलरेटरने उघडणारी, झडप जवळजवळ मिटलेली असताना गळ्यातला झोत इतका मंद असतो की मुख्य जेटला काहीच करता येत नाही. यासाठी झडपेच्या खालच्या बाजूला, जिथे इंजिनाची ओढ सर्वांत जास्त असते, तिथे स्लो जेटची वेगळी बारीक वाट उघडलेली असते. ॲक्सिलरेटर एकदम दाबला, तर हवा लगेच धावते आणि पेट्रोल मागे पडते. ही तूट भरून काढण्यासाठी रबरी पडद्याचा एक छोटा पंप पेट्रोलची पिचकारी मारतो. त्यामुळे जी गाडी उभी असताना थरथरते पण वेगात नीट चालते तिचा दोष, आणि जी शांत उभी राहते पण पाय दाबताच क्षणभर गुदमरते तिचा दोष, हे बहुधा वेगवेगळ्या वाटांवर असतात. दोन्ही तक्रारी एकत्र आल्या, तर संशय सामाईक कारणांकडे, म्हणजे ठिणगी, कॉम्प्रेशन (सिलिंडरमधील दाब) किंवा बाहेरून शिरणाऱ्या हवेकडे, वळवावा लागतो.

असे असताना सर्रास पहिला हात पडतो तो आयडलिंगच्या पेट्रोलचे प्रमाण ठरवणाऱ्या मिश्रणाच्या स्क्रूवर, आणि ही सवय वाईट आहे. स्क्रू उघडून जास्त पेट्रोल दिले की थरथर दबते, पण कारण जागच्या जागी राहते आणि काही दिवसांत प्लग काळे पडतात. योग्य सुरुवात म्हणजे इंजिन चालू ठेवून, इन्सुलेटेड पकडीने, प्लगची एकेक वायर अलग करून पाहणे: जी काढल्यावर इंजिनाची चाल आणखी बिघडते तिचा सिलिंडर कामाचा आहे, जी काढूनही फरक पडत नाही तिचा मेलेला. त्या सिलिंडरचे कॉम्प्रेशन गेजने मोजून ते कमी भरले, तर आत चमचाभर इंजिन ऑइल सोडून पुन्हा मोजतात. आकडा वर चढला तर पिस्टनच्या रिंगा झिजलेल्या, जागचा हलला नाही तर बहुधा व्हॉल्व्ह नीट बसत नाहीत. कॉम्प्रेशन ठीक असेल, तर प्लगचा रंग (तपकिरी चांगला, काजळी म्हणजे पेट्रोल जास्त, पांढुरका म्हणजे कमी), ठिणगीच्या यंत्रणेतील पॉइंटचे अंतर, कंडेन्सर आणि ठिणगी प्लगांना वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरची कॅप तपासायची. परतवारी ऐन पावसाळ्यात येते, आणि कॅपला बारीक तडा असेल तर ओलसर हवेत ठिणगी प्लगपर्यंत न पोहोचता त्या तड्यातूनच निसटते. म्हणून कोरड्या दिवशी ठणठणीत असलेली गाडी पावसात मिस मारते.

सर्वांत फसवा दोष हवेच्या चोरवाटेचा. कार्ब्युरेटरच्या बुडाचे किंवा मॅनिफोल्डचे गॅस्केट कडक होऊन आक्रसले, अथवा थ्रॉटलचा दांडा आपल्या भोकात झिजून ढिला झाला, की न मोजलेली हवा आत शिरते आणि मिश्रण पातळ होते, म्हणजे त्यात पेट्रोल कमी पडते. आयडलिंगला मुळात हवाच थोडी लागत असल्याने तेवढ्या गळतीनेही प्रमाण बिघडते. वेगात तीच गळती जाणवत नाही. रबरी नळीचे एक टोक कानाशी धरून दुसरे जोडांवरून फिरवले, तर गळतीची सूं सूं नेमकी ऐकू येते. तापलेल्या इंजिनावर पेट्रोल शिंपडून गळती शोधण्याची रीत मात्र आगीला आमंत्रण देणारी आहे आणि ती सोडलेलीच बरी.

एवढे झाल्यावर कार्ब्युरेटरची पाळी. इंजिन बंद करून, एअर क्लीनर उतरवून, थ्रॉटलचा खटका हाताने झटकन ओढला, तर गळ्यात पेट्रोलची सलग धार त्याच क्षणी दिसली पाहिजे. ती उशिरा आली किंवा नुसते थेंब पडले, तर पंपाचा पडदा फाटला आहे किंवा त्याच्या वाटेत कचरा आहे. स्लो जेट तारेने टोकरू नये, कारण छिद्र थोडे जरी मोठे झाले तरी माप कायमचे बिघडते. हवेच्या दाबाने फुंकणे पुरते. मिश्रणाचा स्क्रू शेवटी, गरम इंजिनावर, सर्वांत सुरळीत चाल मिळेपर्यंत फिरवायचा.

इंधनही आता तेच राहिलेले नाही. शिसेयुक्त पेट्रोल देशात २००० मध्ये बंद झाले. शिसे व्हॉल्व्हच्या बैठकींना झिजेपासून वाचवत असे. आता वीस टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते. शुद्ध पेट्रोलच्या एका भागाला वजनाने सुमारे १४.७ भाग हवा लागते, इथेनॉलला नऊच; त्यामुळे जुन्या मापाच्या जेटमधून हे मिश्र इंधन गेले की मिश्रण आपोआप पातळ पडते. शिवाय इथेनॉल पाणी शोषते आणि जुन्या धाटणीचे रबरी पडदे व नळ्या खराब करते. पद्मिनीच्या पंपाचा पडदा बदलताना तो इथेनॉलला टिकणाऱ्या रबराचा घ्यावा आणि गरज पडल्यास जेट किंचित मोठा बसवावा.