‘एकदा डायलिसिस लावलं की कायमचं’?

नानावटी आणि कूपर ही दोन्ही रुग्णालयं आमच्या मुंबईतल्या पार्ल्यातलीच. आयसीयूत ओळखीचं कुणी ना कुणी असतंच. तिथे संमतीपत्रावर सही करायची वेळ आली की शिकलीसवरलेली माणसंही अडून बसतात: ‘डायलिसिस नको, एकदा लावलं की कायमचं मागे लागतं.’ 2020 च्या कोरोनापासून हे ऐकते आहे आणि दर वेळी चीड येते, कारण या वादात रुग्णाचे मोलाचे तास जातात.

मधुमेहाने वर्षानुवर्षं झिजलेल्या किडनीला डायलिसिस कायमचं लागतं, पण ते किडनी संपली म्हणून. मशीन लावलं म्हणून नव्हे! कोरोना, डेंग्यू, स्वाइन फ्लू यांनी अत्यवस्थ झालेल्याची किडनी रक्तदाब कोसळून, ऑक्सिजन कमी पडून काही तासांत-दिवसांत बंद पडते. तिच्या पेशी पुन्हा भरून येऊ शकतात. तोवर वाढलेल्या पोटॅशियमने हृदय थांबू नये, फुफ्फुसांत पाणी साचू नये, यासाठी मशीन.

पुरावा हवा? अमेरिकन सोसायटी ऑफ नेफ्रॉलॉजीच्या जर्नलमध्ये 2021 साली डायलिसिस लागलेल्या 637 अत्यवस्थ कोरोना रुग्णांचा अभ्यास आला. त्यातले 403 दगावले. इतका हा आजार गंभीर असतो. घरी गेले 216. आयसीयूत दाखल झाल्यापासून 60 दिवसांनी त्यांतले फक्त 39 डायलिसिसवर होते. पाचांत जेमतेम एक.

मुळात हे मशीन तात्पुरत्या वापरासाठीच जन्मलं. 1945 मध्ये हॉलंडात विलेम कोल्फ यांनी त्यावर वाचवलेली पहिली रुग्ण, 67 वर्षांची बाई, नंतर मशीनशिवाय काही वर्षं जगली. दीर्घकाळचं डायलिसिस शक्य झालं ते 1960 पासून, सिएटलच्या स्क्रिबनर यांनी हाताच्या रक्तवाहिन्यांत बसवून ठेवता येणारी नळी बनवल्यावर.

असेच आणखीही काही गैरसमज कानावर येतात. ‘औषधांनीच किडनी घालवली’: काही वेदनाशामकं, अँटिबायोटिक्स खरोखर इजा करतात, पण न्यूयॉर्कच्या 2020 च्या एका मोठ्या अभ्यासात व्हेंटिलेटरवरच्या सुमारे 90 टक्के कोरोना रुग्णांच्या किडनीला इजा झाली होती, ती मुख्यतः आजाराच्या तीव्रतेमुळे.

‘भरपूर पाणी पाजा’: लघवी थांबलेल्या रुग्णाच्या फुफ्फुसांत तेच पाणी साचतं.

‘लघवी होतेय, म्हणजे किडनी ठीक’: लघवी होत असतानाही रक्तातलं क्रिएटिनिन, म्हणजे किडनीने बाहेर टाकायचा कचरा, चढत राहू शकतं.

‘घरी आलो, सुटलो’: तीन महिन्यांनी क्रिएटिनिन आणि लघवीतलं प्रोटीन तपासून घ्यावंच लागतं.